उचल

माझ्यासकट आम्ही सहा जण. जिंतूरला येलदरी रोडवर एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. कृषी सेवा केंद्रांना लागणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. पेरणीच्या दिवसांत फोन खाली ठेवायला सवड नसते. पैसे मात्र दुकानदारांची उधारी वसूल झाली की मगच आमच्याकडे येतात.

पुण्यात नोकरी करताना वाईट मॅनेजर भरपूर पाहिले होते. म्हणून इथे सगळं प्रेमानं करायचं ठरवलं. वाढदिवसाला केक, सोयाबीनच्या सुगीला सुट्टी, परीक्षेला रजा. ‘आपण एक फॅमिली आहोत’ हेही मी उत्साहानं म्हणायचो.

ग्राहकांचे फोन घेणारी मुलगी तांड्यावरून येते. पहिल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तिला म्हटलं, सणाला ॲडव्हान्स हवा तर घे. ती एकदम गडबडली.

“नको सर, उचल नको. पगार तेवढा तारखेला द्या.”

मी ॲडव्हान्स म्हणालो, तिला उचल ऐकू आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा शब्द वेगळाच वाजतो. मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, हंगामाआधी एकरकमी पैसे देतो. मग पाच-सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनांवर ती रक्कम फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि तिच्यामागे माणसंही जातात. तिचे आई-वडील असेच दरवर्षी जात होते. तिला नोकरीचं अप्रूप एवढ्याचसाठी होतं: आधी काम, मग पैसे, मध्ये कुणाची बाकी नाही.

त्याच नोव्हेंबरात एका मोठ्या ग्राहकाचं पेमेंट अडकलं. ७ तारीख गेली. मी काहीच बोललो नाही. टीमला टेन्शन नको, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर लाज वाटत होती. त्या आठवड्यात सगळ्यांना भजी मात्र खाऊ घातली. पगार झाले १९ तारखेला.

नंतर कळलं. आई-वडील तोडीला गेलेले, घरी दोन धाकटे भाऊ, आणि किराणावाल्याला तिनं ७ तारखेचा शब्द दिलेला. बारा दिवस ती त्याच दुकानासमोरून ऑफिसला येत होती.

महिना संपल्यावर सात दिवसांत पगार, हा नियम १९३६ च्या कायद्यापासूनचा. पीएफ साधारण वीस माणसांपासून लागू होतो, ईएसआय दहापासून. आम्ही सहाच. म्हणजे माझ्या लोकांच्या हातात पक्की अशी एक तारीखच होती, आणि तीच मी बुडवली होती. पगार थकवणं म्हणजे काय, हे तेव्हा समजलं. तिनं मला बारा दिवसांची उचल दिली होती, बिनव्याजी. मी ती मागितलीसुद्धा नव्हती. परस्पर घेतली होती.

पुढच्या सोमवारी बँकेतला आकडा फळ्यावर लिहिला. खाली लिहिलं: दीड महिन्याचे पगार. कुणी बोललं नाही. महिन्याभरात एक मुलगा दुसरी नोकरी धरून गेला. राग आला, पण आकडा बघून आपलं ठरवायचा त्याला हक्क होता.

काही दिवसांनी तीच म्हणाली, “सर, दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा जून-जुलैत असतो. वर्षाची फी आपण तेव्हाच का नाही घेत?” दिवसभर त्यांचे फोन तीच घेत होती. तिला हे माहीत असणारच. मी कधी विचारलंच नव्हतं.

आता फी जूनमध्ये घेतो. दोन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात असतात, माझा पगार सगळ्यात शेवटी होतो. फॅमिली हा शब्द मी सोडून दिला.

यंदाही तिचे आई-वडील गेलेच. ७ तारखेला दुपारी पगाराचे मेसेज आले. तिनं फोन पाहिला, पर्समध्ये ठेवला आणि पुढचा कॉल घेतला.