सकाळचा पहिला माणूस

होकार द्यायला एक शब्द पुरतो. नकाराचे तसे नाही. दिवाळीत एखाद्या जुन्या स्नेह्याकडे जायला निघावे, तर गल्लीच्या तोंडाशीच कुणी सांगतो, "या नावाचं इथं कुणी राहत नाही." घर सापडले तर बेल दाबून बोट दुखते, पण आतून हूं की चूं नाही. कुठे शेजारी खिडकीतून ओरडतात, "ते गावाला गेलेत!" कुठे दार साखळीपुरते उघडते आणि "आपण कोण?" असा प्रश्न येतो. आणि कुठे यजमान हात जोडून म्हणतात, "अहो, घर पाहुण्यांनी भरलंय, पाट मांडायला जागा नाही." पाचही ठिकाणांहून आपण परततो ते चिवडा-चकलीविनाच. परंतु म्हणून हे पाचही नकार एकच, असे कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

हे मला सुचते याचे कारण माझा व्यवसाय. गेली कित्येक वर्षे मी संगणकांचे नकार वाचण्याचे काम करीत आलो आहे. आपण मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो, तेव्हा आपल्याला दिसते ती नुसती ओसरी असते. सगळा ऐवज असतो माजघरात, म्हणजे डेटाबेसमध्ये. ओसरी आणि माजघर ही पुष्कळदा वेगवेगळ्या यंत्रांवर, कधी वेगवेगळ्या गावीही असतात. दोहोंमध्ये जोडणी जुळावी लागते. ती जुळली नाही की पडद्यावर ठरावीक वाक्य उमटते : "तांत्रिक अडचण आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." हे वाक्य म्हणजे दिंडीदरवाज्यावरचा मुखदुर्बळ गडी. आत काय घडले ते तो सांगत नाही. खरा नकार आत, लॉग नावाच्या नोंदवहीत, शब्दशः लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचा कंटाळा करणाऱ्याने या धंद्यात पडू नये.

या माजघरांपैकी एक फार प्रसिद्ध आहे, मायएसक्यूएल. ते १९९५ साली जगापुढे आले. त्याच्या जनकांपैकी मायकेल विडेनियस यांनी आपल्या मुलीचे नाव त्याला दिले. तिकडे ती लेक. मराठी कानाला मात्र आई आठवते, आणि माजघर सांभाळणारीला ते नाव शोभतेही. तिच्या दाराचा रूढ क्रमांक ३३०६. या दारावर जाऊन आपल्याला ताबडतोब "जोडणी नाकारली" असे उत्तर मिळाले, तर बहुधा यंत्र जागे आहे, पण दाराशी कुणी बसलेले नाही. डेटाबेसचा कार्यक्रमच बंद पडला आहे. उत्तरच न येता वाट पाहण्याची मुदत संपली, तर वाटेत एखादी फायरवॉल मुकाट्याने चिठ्ठ्या फाडीत बसली असेल, किंवा पत्ता चुकला असेल. १०४५ हा आकडा दिसला, तर नाव किंवा पासवर्ड चुकला. १०४० दिसला, तर आत जागा नाही. मुद्दाम बदलले नसेल तर पाट मांडलेले असतात १५१.

नवशिक्यांना १०४५ ची फार धास्ती वाटते. मला उलट तो दिसला की हायसे वाटते. "आपण कोण?" असे विचारायला कुणीतरी दार उघडलेले असते ना! रस्ता बरोबर, घर बरोबर, माणूस जागा. राहिला तो फक्त परवलीचा शब्द. १०४० च्या बाबतीत मात्र घाई करू नये. लोक लगेच पाट वाढवतात. पण पुष्कळदा पाहुणे जास्त झालेले नसतातच. जेवून हात धुतलेली मंडळी पाटावरच बसून राहिलेली असतात. प्रोग्रॅमने जोडणी घेतली आणि काम झाल्यावर परत केली नाही, तर दोनशे पाट मांडले काय आणि पाचशे मांडले काय, संध्याकाळपर्यंत सगळे अडणारच.

या पाचांखेरीज एक सहावा नकार आहे. तो मला भेटला तालुक्याच्या गावी, एका धर्मादाय रुग्णालयात.

केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंची एक तक्रार होती आणि ती कुणीच मनावर घेत नव्हते. "साहेब, हे रोज सकाळी असंच करतं बघा. पहिल्या चार-पाच जणांची नोंद सापडत नाही म्हणतं. मग दिवसभर सुरळीत." ज्या कंपनीने हे ॲप्लिकेशन करून दिले तिचा तज्ज्ञ अकराच्या सुमारास फोनवरून तपासणी करी आणि "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतं," असे सांगून मोकळा होई. ते खोटेही नव्हते. अकरा वाजता ते सगळ्यांकडेच व्यवस्थित चाले! विश्वस्तांच्या मते दोष इंटरनेटचा. एका शिपायाने तर यंत्राला रोज उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली होती; आणि मौज अशी की, ओवाळून होईपर्यंत चार-पाच जण होऊन जात, त्यामुळे तिचा गुणही येई.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. सकाळचे पहिले चार-पाच जण कोण असतात? गावातली मंडळी चहा घेऊन नऊ-साडेनऊला येतात. साडेआठला खिडकी उघडण्याआधी जे ओट्यावर बसलेले असतात ते पहिल्या एसटीने आलेले, वाड्या-वस्त्यांवरचे, बहुतेक म्हातारे. त्यांची जुनी नोंद पडद्यावर दिसेना, की नियमाप्रमाणे त्यांना हाताने लिहिलेला नवा केसपेपर मिळे. एका आजींना पेनिसिलिन सोसत नाही, ही नोंद जुन्या केसपेपरवर होती. नव्यावर ती कुठून येणार? इंजेक्शन भरता भरता सिस्टरने सवयीने तोंडी विचारले, आजींनी डोके हलवले, म्हणून निभावले. बाईंनी हे मला सांगितले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

मी लॉग उघडला. त्यात त्या सकाळी आठ वाजून एकतीस मिनिटांची नोंद होती. सर्व्हरकडून शेवटची चिठ्ठी येऊन ५,४९,१२,००० मिलिसेकंद झाले, असे तीत लिहिले होते. एका तासाचे मिलिसेकंद ३६,००,०००. भागाकार केला, सव्वापंधरा तास आले. साडेआठातून सव्वापंधरा तास मागे गेले की आदल्या दिवशीचे सायंकाळचे सव्वापाच होतात. बाईंनी शेवटचा केसपेपर करून खिडकी लावली ती वेळ! रात्रीच्या अपघात विभागाची नोंद कागदावर होत असल्याने मध्ये कुणी डेटाबेसला हाक मारलेलीच नव्हती.

आता मायएसक्यूएलचा एक नियम असा की, २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, एखाद्या जोडणीवरून कुणी काही बोलले नाही, तर ती बंद करून टाकावी. हा आकडा बदलता येतो. पण बदलला नाही तर आठ तास. इकडे ॲप्लिकेशनला दर वेळी नवी जोडणी जुळवणे महाग पडते, म्हणून ते पाच जोडण्या राखीव ठेवून आलटून पालटून वापरी. रात्री सव्वाच्या सुमारास डेटाबेसने त्या पाचही बंद केल्या. तशी चिठ्ठीही धाडली. पण जोडणी वापरायला काढेपर्यंत ती उघडून बघायची रीत या ॲप्लिकेशनमध्ये नव्हती. सकाळी ते भरवशाने एकेक जोडणी उचली, आणि ती मेलेली निघे. पाच मेलेल्या जोडण्या फेकून झाल्या की सहावी नवी जुळे. दिवसभर वर्दळ असल्याने आठ तासांची शांतता पुन्हा रात्रीपर्यंत येत नसे. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

आणि उपाय? तो त्याच नोंदीत पुढे लिहिलेला होता : जोडणी वापरण्यापूर्वी ती जिवंत आहे की नाही हे तपासा, किंवा तिचे आयुष्य आधीच संपवा. कंपनीने सुचवले होते की आठ तासांचे चोवीस करू. मी विचारले, "मग रविवारचे काय? सोमवारचा पहिला माणूस कुणी?" त्यापेक्षा साधी गोष्ट करता येते. कामाचा प्रश्न टाकण्याआधी "आहेस ना?" एवढे विचारायचे. उत्तर आले तर पुढे बोलायचे, नाही तर नवी जोडणी जुळवायची. राखीव जोडण्या सांभाळणारा 'हिकारी' नावाचा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे; जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ प्रकाश. तो बराच वेळ पडून राहिलेली जोडणी देण्यापूर्वी हे विचारून घेतो, आणि वेगळे सांगितले नसेल तर कोणतीही जोडणी ३० मिनिटांहून जुनी होऊ देत नाही. अर्ध्या दिवसात ते काम झाले.

परंतु मला खरी काळजी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. जोडणी मेलेली निघाली असता पडद्यावर उमटत होते ते वाक्य : "नोंद उपलब्ध नाही." डेटाबेसने असे म्हटलेच नव्हते. त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नव्हता! "नोंद नाही" आणि "नोंद पाहता आली नाही" या दोन वाक्यांत आजींच्या जिवाएवढे अंतर आहे, आणि कुणा घाईत असलेल्या प्रोग्रॅमरने सगळे नकार एकाच वाक्यात कोंबून ते अंतर पुसून टाकले होते. यंत्रे तरी सुधारत आहेत. मायएसक्यूएल पूर्वी अशा वेळी नुसते "सर्व्हर निघून गेला" असे मोघम उत्तर मिळू देई. २०२१ पासूनच्या आवृत्त्या, बराच वेळ हालचाल नसल्यामुळे जोडणी बंद केली, असे कारणासह कळवतात. माणसांनीही एवढे करायला हरकत नाही.

म्हणून आम्ही ते वाक्यच बदलले. नवे वाक्य बाईंनी स्वतः सांगितले, मी फक्त टंकले : "नोंदवहीशी संपर्क झाला नाही. रुग्णास बसवून ठेवावे. नवा केसपेपर करू नये."

पुढे पावसाळ्यात रस्ता खणताना केबल तुटली आणि ते वाक्य खरोखरच पडद्यावर आले. बाईंनी ओट्यावरच्या सगळ्यांना आत बाकावर बसवले. पाऊण तासाने जोडणी आली आणि प्रत्येकाला त्याचा जुनाच केसपेपर मिळाला. सर्वांत पुढे बसलेल्या आजोबांनी तेवढ्या वेळात एक डुलकी काढून घेतली होती.