टल्साचा बंदूकबाजार

अमेरिकेत नातलगांकडे जाणारी आपली माणसे नायगारा आणि न्यूयॉर्क पाहून परततात. त्या देशाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर तिथला एखादा ‘गन शो’ही पाहावा. माझी धाकटी बहीण ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात राहते. तेथील एक्स्पो स्क्वेअरच्या भव्य दालनात दर वर्षी एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये ‘वानेनमाकर्स टल्सा आर्म्स शो’ भरतो. देशातील मोठ्या प्रदर्शनांत त्याची गणना होते. लहान गावांतही शनिवार-रविवारी असे बाजार भरतात, आणि त्यांचे स्वरूप साधारण असेच असते.

दारावर तिकीट काढावे लागते. कुणी घरची बंदूक विकायला आणली असेल, तर ती रिकामी असल्याची खात्री करून तिला प्लास्टिकची पट्टी आवळतात. आत टेबलांच्या रांगाच रांगा. पिस्तुले, शिकारीच्या रायफली, काडतुसांचे खोके, सुरे, चामडी पट्टे, महायुद्धातील पदके, जुनी पुस्तके, शिवाय वाळवलेले मांस आणि मिठाईसुद्धा! आजोबा, सुना, नातवंडे अशी कुटुंबेच्या कुटुंबे फिरत असतात. आपल्याकडच्या उरुसातील गर्दीच जणू, फक्त इथे खेळण्यांच्या जागी खऱ्या बंदुका.

पाहुण्यांनी काही पथ्ये पाळावीत. विचारल्याशिवाय वस्तूला हात लावू नये, फोटो काढू नये. नळी कुणाच्या दिशेने वळवू नये, चापावर बोट ठेवू नये. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतुसे विकत घेण्यास कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणून आपण नुसते पाहावे, हाती काही घेऊ नये. एकदम धक्का देणारे मोठे आवाज लहान मुलांना ऐकावे लागतील, ही भीती मात्र नको. दालनात गोळी झाडली जात नाही.

खरी लक्ष देण्याजोगी गोष्ट विक्रीची रीत. परवानाधारक व्यापाऱ्याकडे गिऱ्हाइकाला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. मग गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. १९९८ पासून ही तपासणी एफबीआयच्या यंत्रणेमार्फत होते आणि बहुधा काही मिनिटांत उत्तर मिळते. पण शेजारच्या टेबलावर कुणी व्यापारी नसून आपल्या घरच्या संग्रहातील बंदूक विकणारा गृहस्थ असेल, तर राज्यातल्याच रहिवाशाला विकताना ही तपासणी त्याच्यावर बंधनकारक नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांनी खासगी विक्रीलाही तपासणी सक्तीची केली आहे. ओक्लाहोमाने केलेली नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी आधी अर्ज आणि पोलिसांची चौकशी, मग शस्त्र. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. त्यामुळे बाजारातली माणसे बंदुकीविषयी शेतकऱ्याने बैलाविषयी बोलावे तशी आपुलकीने बोलतात. ती भली, अदबीने वागणारी माणसे आहेत. परंतु त्याच देशातील शाळांत, गोळीबार झाला तर वर्गाचे दार बंद करून गप्प कसे बसायचे, याचा सराव मुलांकडून करून घेतात. रोज वर्गात उभी राहणारी शिक्षिका म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या पाहता येत नाहीत.

तुम्हाला कधी जाण्याचा योग आला, तर कोणत्या टेबलावर फॉर्म आहे आणि कोणत्या टेबलावर नाही, एवढे जरूर पाहा.