कणकुंबीच्या माळावरील उल्कांची रात्र

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणारा मार्ग जांबोटी मागे टाकून कणकुंबीस पोहोचतो. खानापूर तालुक्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसले आहे. मलप्रभा येथेच उगम पावते व पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेस मिळते. घाटापलीकडचे पाणी मात्र पश्चिम समुद्राची वाट धरते. पावसाळ्यात हा सारा मुलूख धुक्यात बुडालेला असतो. डिसेंबरात आकाश निवळते. म्हणून १४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, मिथुन राशीतील उल्कावर्षावाची छायाचित्रे घेण्यास, धर्मग्रामातील चार तरुणांसह आम्ही येथील माळावर आलो. अमावास्या नुकतीच सरली होती. कोवळी चंद्रकोर सायंकाळीच मावळली.

ऑगस्टमधील उल्कांना युरोपातील भाविक 'संत लॉरेन्सचे अश्रू' म्हणतात, कारण त्या संताचा सण १० ऑगस्टला येतो. आपल्याकडे त्या दिवसांत ढगांचे राज्य. तेव्हा आपल्या वाट्याचा उल्कोत्सव आगमनकाळातला. 'तारा तुटला' असे आपण म्हणतो, परंतु तारा कधी तुटत नाही. १९८३ साली सापडलेल्या फेथॉन नामक लघुग्रहाच्या मार्गावर बारीक कण विखुरलेले आहेत. ते सेकंदास सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात आणि उंचावरच जळून जातात. वाळूच्या कणाएवढ्या वस्तूने एवढा उजेड पाडावा, हे नवलच होय!

उल्केचे पहिले छायाचित्र २७ नोव्हेंबर १८८५ रोजी प्राग येथे घेतले गेले. आज ते काम पुष्कळ सोपे झाले असले, तरी धीर तेवढाच लागतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, रुंद दृश्य घेणारे भिंग लावावे व एखाद्या ठळक ताऱ्यावर हातानेच नेम साधावा. झडप वीस सेकंद उघडी ठेवावी. फार अधिक ठेवल्यास पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा उमटतात. पुनर्वसूच्या जोडताऱ्यांवर भिंग न रोखता जरा बाजूस वळवावे, म्हणजे उल्कांच्या रेषा लांब मिळतात. भिंगावर दव साचते, ते मऊ कापडाने टिपत राहावे. बॅटरीस तांबडा कागद गुंडाळावा, कारण डोळ्यांना अंधार सरावण्यास अर्धा तास लागतो आणि तो एका झोताने वाया जातो.

मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत आमच्या कॅमेऱ्याने साडेचारशे चित्रे घेतली. त्यांपैकी नऊंत उल्का सापडल्या. डोळ्यांना याहून कितीतरी अधिक दिसल्या. चित्रांत आणखी एक गोष्ट उमटली: क्षितिजालगत पश्चिमेस गोव्याकडचा व पूर्वेस बेळगावचा पिवळसर उजेड. तो पाहून एका तरुणाने विचारले, "फादर, आमच्या अंगणातून हे का दिसत नाही? माझी आजी सांगते, पूर्वी दिसत असे."

त्याच्या आजीचे खरे आहे. उल्का कमी झाल्या नाहीत. आपली अंगणे उजळली. रस्त्यावरचा दिवा वाटसरूस हवाच. परंतु रिकाम्या अंगणात रात्रभर जळणारा झगझगीत दिवा कोणास उपयोगी पडतो?

वाचकहो, नाताळचे तारे घरोघर अवश्य लावा. मात्र दरवर्षी १३ व १४ डिसेंबरच्या रात्री अकरानंतर बाहेरचे दिवे मालवा, घोंगडी अंथरा आणि मुलांना घेऊन आकाशाखाली पडा. कॅमेरा नसला तरी चालेल. आजीला शेजारी बसवा. कोठे पाहावे हे ती सांगेल.