बचावपटूचे गाव

इंग्लंडमधील फुटबॉलच्या खालच्या श्रेण्यांत आयुष्य घालविलेल्या एका बचावपटूविषयी मराठी वाचकांपुढे लिहावेसे का वाटले, हे आधी सांगितले पाहिजे. त्या गृहस्थांचे नाव डेव्हिड बूथ. १९४८ साली यॉर्कशायरमधील बार्न्सली या कोळशाच्या खाणींच्या गावी त्यांचा जन्म झाला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून ते कधी खेळले नाहीत, आणि त्या देशाच्या फुटबॉलचे जे जाडजूड इतिहास ग्रंथालयांतून आढळतात त्यांच्या नामसूचीत बूथ यांना शोधण्यात फारसा अर्थ नाही. परंतु या चारचौघांसारख्या कारकीर्दीच्या उत्तरार्धाचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला, आणि तेथे त्यांच्या संघातून खेळू लागलेला एक तरुण पुढे पुण्यास व पुण्याहून दिल्लीस आला. बार्न्सलीहून निघालेली वाट अशी आपल्या अंगणातून गेलेली आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीत आल्यापासून हिवाळ्यातल्या दुपारी दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर जाऊन बसण्याची सवय मला लागली आहे. शेजारी फिरोजशहा कोटल्याचे क्रिकेटचे मैदान. तेथे सामना असला की रस्ते बंद होतात. आंबेडकर स्टेडियमवर स्थानिक संघांचा सामना असला तर कोणाच्या वाटेत काही येत नाही. पायऱ्यांवर पन्नास-साठ माणसे असतात, त्यांतली निम्मी खेळाडूंची भावंडे. या मैदानाने मोठे दिवस पाहिलेले आहेत. १८८८ साली सिमल्यास सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा १९४० मध्ये दिल्लीस आली आणि पुढे अनेक दशके राजधानीतल्या फुटबॉलचा तोच मोठा सण होता. २०१४ मध्ये ती गोव्यास गेली, २०१९ पासून कोलकत्यास. इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांची लीगही १८८८ सालीच सुरू झाली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन संस्थांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या रिकाम्या पायऱ्यांवर बसले की आपोआप मनात येतो.

१९५८ पासून १९९२ पर्यंत इंग्लंडच्या लीगमध्ये पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी अशा चार श्रेण्या होत्या. शेवटी उरलेल्यांनी खाली उतरायचे आणि वर राहिलेल्यांनी वरच्या श्रेणीत चढायचे, हा तिथला शिरस्ता. बूथ १९६८ च्या सुमारास बार्न्सलीच्या संघात आले तेव्हा तो संघ नुकताच चौथ्या श्रेणीतून तिसरीत चढला होता. त्याच वर्षी बॅरी हाइन्स यांची त्या परिसरातल्या खाणकामगारांच्या जीवनावरची, ससाणा पाळणाऱ्या एका मुलाची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६९ मध्ये केन लोच यांनी बार्न्सलीतच तिचा चित्रपट केला. शाळेच्या चिखलाने भरलेल्या मैदानावर चाललेला फुटबॉलचा खेळ ज्यांनी त्या चित्रपटात पाहिला असेल, त्यांना बूथ यांच्या गावाची हवा काय होती हे निराळे सांगावयास नको. १९७२ मध्ये बार्न्सलीचा संघ पुन्हा चौथ्या श्रेणीत घसरला. बूथ ग्रिम्झबी टाउन या क्लबात गेले आणि १९७८ पर्यंत तेथेच राहिले. दोन क्लब, दहा वर्षे, तीनशेहून अधिक सामने. एवढ्यात त्यांचे खेळाडू म्हणून असलेले चरित्र आटोपते.

ग्रिम्झबी हे उत्तर समुद्राच्या काठचे मासेमारीचे बंदर. गंमत अशी की ग्रिम्झबीच्या क्लबाचे मैदान ग्रिम्झबीत नाही. ते लगतच्या क्लीथॉर्प्स गावात आहे, त्यामुळे हा संघ घरचा सामनासुद्धा परगावी खेळतो. १९७६ च्या एप्रिलमध्ये या मैदानावर एक सामना पाहण्यासाठी प्रत्यक्ष हेन्री किसिंजर येऊन बसले होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड हे ग्रिम्झबीचेच खासदार. त्यांनी पाहुण्यांना नेले. त्याच वर्षी कॉड माशांवरून आइसलँडशी चाललेला तंटा मिटला आणि दूरच्या पाण्यात जाणाऱ्या ग्रिम्झबीच्या बोटींचा धंदा त्यानंतर बसला. बार्न्सलीभोवतालच्या खाणीही १९८४-८५ च्या संपानंतर दहाएक वर्षांत बंद पडल्या. ज्या धंद्यांवर ही गावे उभी होती ते धंदे गेले. १८७८ चा ग्रिम्झबीचा क्लब आणि १८८७ चा बार्न्सलीचा क्लब मात्र अजून खेळतात. ग्रिम्झबी तर २०१० मध्ये लीगच्या बाहेर फेकले गेले, २०१६ मध्ये परत आले, २०२१ मध्ये पुन्हा गेले आणि २०२२ मध्ये पुन्हा आले. ऑगस्ट २०२५ मध्ये याच चौथ्या पायरीवरच्या संघाने लीग कपाच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर हरविले. पेनल्टींचा हिशेब १२-११ असा लांबत गेला.

बचावपटूच्या कामाचे स्वरूप मला नेहमी पाठचिकित्सकाच्या कामासारखे वाटत आले आहे. आमच्या व्यवसायात एक माणूस वीस वीस वर्षे हस्तलिखिते ताडून पाहतो, प्रक्षेप बाजूला काढतो, चुकीचा पाठ आत शिरू देत नाही. त्याचे काम जितके चोख, तितके ते वाचकाला कमी दिसते. बचावफळीतल्या खेळाडूचेही तसेच. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मिळण्यापूर्वीच दिशा बदलली, कारण समोरची वाट कोणीतरी दोन पावले सरकून बंद केली होती. आता याची नोंद कशी करायची? गोल करणाराच्या नावापुढे आकडा पडतो. न झालेल्या गोलाला तारीख नसते. म्हणून बचावपटूची आठवण ठेवायची तर ती कागदावर राहत नाही, दर शनिवारी त्याच पायरीवर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या डोक्यात राहते. ती माणसे आणि ती पायरी जागेवर असावी लागते.

खेळ संपल्यावर बूथ १९८२ ते १९८५ या काळात ग्रिम्झबीचेच व्यवस्थापक झाले. तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते मुंबईत दिसतात, प्रथम महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक म्हणून आणि पुढे २००७ मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसी या क्लबाचे. साठीला टेकलेल्या या माणसाने कूपरेजच्या मैदानावर एका कोऱ्या संघाची बांधणी केली. २००८ मध्ये मुंबई एफसीने आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळविला आणि तो वरच्या श्रेणीत चढला. तिसरी-चौथी श्रेणी पायाखालून घातलेल्या बार्न्सलीकराला चढण्याउतरण्याचा हा व्यवहार परका नव्हता.

त्या संघात २००७ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा वीस वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे नाव अनस एडथोडिका. घरची ओढगस्त असताना त्याने काही काळ रिक्षाही चालविली होती. बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा, अंगाने मजबूत, बोलण्यात कमी. मुंबईत चार वर्षे, मग २०११ पासून पुणे एफसीमध्ये चार वर्षे. म्हणजे ज्या वयात खेळाडूचे नाव व्हायचे ते वय त्याने महाराष्ट्रात काढले. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसीने दुसरा क्रमांक पटकावला. तरी बालेवाडीच्या त्या अवाढव्य क्रीडासंकुलात सामन्याला किती पुणेकर जात आणि आमच्या वृत्तपत्रांनी त्याला किती जागा दिली, हे आठवून पाहावे. मराठी वाचकाला अनस ठाऊक नसेल तर त्यात नवल नाही. ठाऊक व्हावा अशी सोयच आपण केली नाही.

२०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला आणि अनस दिल्ली डायनामोजकडे आला. येथे त्याला लाभलेले प्रशिक्षक पाहा: पहिल्या वर्षी ब्राझीलचा रोबेर्तो कार्लोस, दुसऱ्या वर्षी इटलीचा जानलुका झाम्ब्रोत्ता. दोघेही फुल बॅक, दोघेही विश्वविजेत्या संघांतले, एक २००२ चा तर दुसरा २००६ चा. दोन्ही वर्षी दिल्लीचा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. त्या हिवाळ्यात एका चर्चासत्रासाठी मी दिल्लीत होतो आणि एका संध्याकाळी जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गेलो. साठ हजारांच्या त्या वाडग्यात खेळ फार दूर दिसत होता. कार्लोसच्या नावाने चाललेल्या आरोळ्यांत मला लक्षात राहिला तो अनसचा उजवा हात. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तो हात सारखा कोणाला तरी पुढे, कोणाला तरी आत सरकवीत होता. शेतात पाणी पाजणारा माणूस दारे मोडताना मुलाला लांबूनच खुणा करतो, तसा.

मार्च २०१७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो भारताच्या संघातून प्रथम खेळला. त्याच वर्षी खेळाडूंच्या निवडीत जमशेदपूरने त्याला एक कोटी दहा लाख रुपयांना सर्वांत आधी उचलले. जानेवारी २०१९ मध्ये शारजा येथे बहारीनविरुद्ध, आशिया चषकात पुढे जाण्यासाठी बरोबरीचीही आशा धरता येईल अशा सामन्यात, अगदी सुरुवातीलाच दुखापत होऊन तो बाहेर आला. सामना संपता संपता पेनल्टीवर गोल झाला आणि भारत हरला. दुसऱ्या दिवशी अनसने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. पुढे ती त्याने काही काळ मागेही घेतली, पण ते असो.

मला त्या दुखापतीपेक्षा दुसरीच गोष्ट अधिक छळते. बूथ ज्या क्लबांतून खेळले ते दोन्ही जागेवर आहेत. भारतात त्यांनी हाताळलेल्या क्लबांची स्थिती काय? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली घसरला, आणि खाली घसरून पुन्हा चढण्याचा जो ग्रिम्झबीचा मार्ग, तो त्याने घेतलाच नाही. तो विसर्जित झाला. अनसचा पुणे एफसी गेला. दिल्ली डायनामोज २०१९ मध्ये भुवनेश्वरला हलविला गेला आणि ओडिशा एफसी झाला. पुण्याचा दुसरा क्लब, २०१४ चा एफसी पुणे सिटी, तोही २०१९ मध्ये मोडला. त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीस आणून त्याला दिल्लीचे नाव देण्यात आले. सरकारी नोकरांच्या बदल्या आणि प्रतिनियुक्त्या यांची दिल्लीला सवय आहेच. माझ्यासारखे अभ्यागतही येथे खोलीच्या किल्ल्या परत करण्याची तारीख ठाऊक असूनच राहतात. परंतु क्लबालाच बदलीचा हुकूम आला तर बालेवाडीच्या पायरीवर बसून अनसचा हात पाहिलेल्या माणसाने ती आठवण कोठे नेऊन ठेवावी?

याला पैसा कारण आहे असे म्हणून मोकळे होता येते, आणि ते खोटेही नाही. उद्योगसमूहाने काढलेला क्लब उद्योगसमूह बंद करू शकतो. पण ग्रिम्झबीला तरी पैसा कोठे होता? या संदर्भात मला माझ्या गावाचा विचार करावासा वाटतो. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे पेठांची आहेत. त्यांच्या कोणालाही दुसऱ्या शहरात हलविता येणार नाही, कारण हलवायचे म्हटले तर गल्लीसकट हलवावे लागेल. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की हजारो माणसे जमतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या बॅकने कोणाचा चेंडू कसा काढून घेतला यावर चहाच्या गाड्यावर अजून वाद होतात. या वादांचे रूपांतर मारामारीत होते, सामने बंद पाडावे लागतात, हेही मी लपवीत नाही. शिवाय या व्यवस्थेत खेळाडूच्या पोटाची तरतूद नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण तो पुढच्या फळीचा, आणि त्याला लहानपणीच गाव सोडून पुण्यास जावे लागले. मागच्या फळीतली मुले बहुधा गावातच राहतात, नोकरीधंदा सांभाळून पस्तिशीपर्यंत खेळतात आणि मग कट्ट्यावर येतात. त्यांना कट्टा आहे. अनसला मुंबई-पुण्यात तो मिळाला नाही.

अनसने २०२० मध्ये एटीकेकडून विजेतेपद पाहिले, २०२२ मध्ये जमशेदपूरकडून लीगची ढालही पाहिली. मग तो केरळात परतला. २०२४ मध्ये तेथे नवी राज्य लीग सुरू झाली आणि मलप्पुरम एफसी नावाचा एक नवा क्लब निघाला. त्याच्याकडून, आपल्याच जिल्ह्यातल्या मंजेरीच्या मैदानावर, सदतीस वर्षांचा हा बचावपटू खेळला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये थांबला. मलप्पुरमची माणसे फुटबॉलसाठी शेतात बांबूची गॅलरी बांधून रात्र काढणारी; पायऱ्या भरल्या होत्या. त्या क्लबाला आता किती वर्षे लाभतात ते पाहावयाचे.