माळ्यावरचे शंभर कोटी

मागच्या शनिवारी नाशिकला घरी माळा आवरायचा कार्यक्रम झाला. मी स्टुलावर, आई खाली, आणि दर वस्तूमागे तोच संवाद. "हे फेकू?" "राहू दे रे, लागतं कधीतरी."

मग एक गंजका बिस्किटाचा डबा हाताला लागला. उघडला आणि उडालोच. आत माझी डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं! सहावीत गणितात दांडी उडाली तेव्हा आईने जप्त करून "कचऱ्यात टाकली" म्हणून सांगितलेली. दोन दिवस बोललो नव्हतो तिच्याशी.

म्हटलं, लागली लॉटरी! कारण नुकतंच मिकी मँटलबद्दल वाचलं होतं. न्यूयॉर्क यांकीजचा हा बेसबॉलपटू. टॉप्स कंपनीचं त्याचं 1952 चं कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये लिलावात 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. म्हणजे साधारण शंभर कोटी रुपये. एका पुठ्ठ्याचे!

आता गंमत बघा. हे त्याचं पहिलं कार्ड नाही, ते 1951 चं, बोमन कंपनीचं. आणि त्या मालिकेत मँटलचं कार्ड इतर बहुतेकांच्या दुप्पट छापलं होतं. त्याच मालिकेतली त्याहून दुर्मिळ कार्डं कितीतरी स्वस्तात मिळतात. म्हणजे नुसतं दुर्मिळ असून भागत नाही, ते कुणाला तरी जीव तोडून हवं असावं लागतं.

ती मालिका सीझन संपत आल्यावर बाजारात आली, त्यामुळे पडून राहिली. टॉप्सचे साय बर्जर सांगायचे, की 1960 मध्ये उरलेला माल त्यांनी बोटीवरून चक्क अटलांटिक समुद्रात बुडवला. जी विकली गेली होती ती पोरांनी खेळून झिजवली, उरलीसुरली आयांनी साफसफाईत फेकली. पोरं मोठी झाली, हातात पैसा आला, आणि फेकलेलं परत हवंसं झालं. त्यातून शंभर कोटीवालं कार्ड 10 पैकी 9.5 ग्रेडचं. कोपरे धारदार, डाग नाही. थोडक्यात, ज्याच्याशी कुणी खेळलंच नाही असं.

आमचा माल? कोपरे गायब. बिग शोवर चिवड्याचं तेल. अंडरटेकरच्या तोंडावर रबरबँड वितळून चिकटलेलं. आणि प्रत्येक कार्डामागे बॉलपेनने माझा रोल नंबर. ग्रेड काढायचा तर उणे आकडे लागतील.

"तू तर फेकली होतीस ना?"

"फेकायलाच गेले होते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत. नाही टाकवली."

"मग परत का नाही दिलीस?"

"दहावी झाल्यावर देणार होते. मग तूच मागेनासा झालास."

यावर काय बोलणार? पुढे कॉलेज, मग पुण्यात नोकरी. हल्ली घरी येतो तो दोन दिवसांसाठी, आणि त्यातही लॅपटॉप उघडाच असतो. त्या दिवशी सकाळपासून तर मी तिला फक्त काय काय फेकायचं तेच सांगत होतो.

असो. तिकडच्या आयांनी फेकलं म्हणून शंभर कोटी, आमच्या आईने जपलं म्हणून शून्य. मार्केटचं लॉजिक आहे, वाद नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आईबरोबर एक डाव टाकला. तिला वजन सोडून दुसरं काही विचारायचंच नव्हतं. तरी हरलो. मग डबा पुसून माळ्यावर ठेवला, पण या वेळी पुढेच, हाताला येईल असा.