दुसरी ओळ

मॉरिशसमधला रविवार. फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत आम्ही नुसते लोळत होतो. मुलं पाण्यात, आईच्या हातात डाळपुरी. आईचं मराठी ऐकून शेजारच्या चटईवरच्या आजी जवळ सरकल्या. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेले. घरात आता क्रिओल. मराठी उरलं ते गणपतीच्या आरतीपुरतं. ती मात्र त्यांनी अख्खी म्हटली. आईने टाळ्यांनी ठेका धरला.

मग त्यांनी मला फ्रेंचमध्ये आरतीचा अर्थ विचारला. वीस वर्षं अनुवाद करणारी मी दुसऱ्याच ओळीला अडखळले. त्यांची भाषा सुटली होती, म्हणून त्यांना अर्थ हवा होता. माझी जवळच होती. मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.