जेटमधली तार

आमच्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं. महिंद्राची एफसी-150, चपट्या नाकाची, पेट्रोलवर चालणारी. दोन सीटांच्या मधे पत्र्याचं झाकण आणि त्याखाली चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन. थंडीत त्या झाकणावर भाकरीचं फडकं ठेवलं की भाकरी गरम राहायची. उन्हाळ्यात पोटरी भाजायची. आबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी चौथीत होतो. जुन्नरकडचा टोमॅटो, कांदा, मिरची भरून ती रात्री निघायची, खेडचा घाट ओलांडायची आणि पहाटे पुण्याला लागायची.

1980 साली मी बारावी झालो, तोवर गाडी थकली होती. उभी असताना स्लो धरत नव्हती. घडीत बंद पडायची, घडीत उगाच भणभणायची. आबा म्हणाले, "कारबेटर गेला." उस्तादांनी मात्र कारबेटरला हात लावला नाही.

"आधी करंट बघायचा, मग दम, मग टॅपेट. हे तिन्ही नीट असलं तरच कारबेटरवर आळ घ्यायचा. लोक उगाच त्याचे स्क्रू पिळत बसतात."

त्यांनी पॉइंट घासले, प्लग साफ केले, टॅपेटची फट मोजली. मग इंजिन चालू ठेवून थ्रॉटलच्या दांडीच्या टोकाला तेलाचे दोन थेंब सोडले. क्षणभर इंजिन सुधारलं, पुन्हा भणभणलं. "दांडी झिजलीय. इथनं फुकटची हवा खाते. आता मात्र दुसरा बसवा."

दुसरा म्हणजे कोणता, यावर आठ दिवस चर्चा चालली. इराणातल्या उलथापालथीनंतर पेट्रोल भडकलं होतं. ज्याला जमेल तो गाडीत डिझेल इंजिन बसवत होता. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता. कोणीतरी सुचवलं, फियाटचा कारबेटर बसवा, ॲव्हरेज वाढेल. उस्ताद हसले. "फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, आपलं 2199. लेकराची चप्पल घालून पैलवान घाट चढंल काय? खाली चालंल, वर घुसमटंल." मग मोठाच घ्यावा, असं मी म्हणालो. तर तेही नाही. गळा अरुंद असला की हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. गळा फार मोठा झाला, तर कमी वेगात हवा रेंगाळते, पेट्रोल नीट उचलत नाही आणि पिकअप मरतो. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून याच इंजिनाचा सोलेक्स आणला. दांडी घट्ट होती, बाकी सगळं काळंकुट्ट.

तो उघडून धुताना उस्तादांनी मला शेजारी बसवलं. मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. 120 असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं. एक किलो पेट्रोल जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते, ते गणित या भोकावर ठरतं. गाडी गरम झाल्यावर स्लोचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून इंजिन सर्वांत सुरळीत कुठं चालतं ते कानाने शोधायचं. शेवटची परीक्षा प्लगची. "घाट चढवून आण आणि प्लग काढून बघ. विटकरी दिसला तर बरोबर. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे कमी, आणि पांढरा सगळ्यात वाईट."

प्लग विटकरी निघाला. तिथंच थांबायला हवं होतं.

गाडीचा हिशोब मी लिहीत असे. पेट्रोलचा आकडा बघून आबा रात्री उठून बसत. तालुक्याला एका पोराकडून ऐकलं होतं, जेटमध्ये तांब्याच्या वायरची एक बारीक तार घालायची, पेट्रोल कमी जातं. एका दुपारी मी ती घातली, कोणाला न सांगता. लिटरमागे किलोमीटरभर फरक पडला. आबा खूश झाले आणि म्हणाले, "सोलेक्स चांगला निघाला."

महिनाभराने गाडी घाटात शिंकू लागली. कारबेटरमधून फट्, फट्. आवाज गुडघ्याशीच यायचा. मी एकट्याने प्लग काढून बघितला. पांढराफट्ट. पुसला आणि परत बसवला.

दोन महिन्यांनी, टोमॅटो भरलेला असताना, गाडीने खेडच्या घाटात दम सोडला. माल दुसऱ्या गाडीत टाकेस्तोवर निम्मा पिचला होता. उस्तादांनी हेड खोललं. या इंजिनात आत घेणारे व्हॉल हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. तिसऱ्या सिलिंडरचा खालचा व्हॉल कडेने जळून खाल्ला गेला होता. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण सावकाश जळतं, व्हॉल उघडला तरी जाळ चालूच असतो. मग त्यांनी कारबेटर उघडला. तार चिमटीत धरून माझ्याकडे बघितलं आणि ती माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"काय झालं होतं, उस्ताद?" आबांनी विचारलं.

"जेटमध्ये कचरा होता."

खोटं नव्हतं ते. पण कचरा म्हटल्यावर आबांनी पंपवाल्याला धरलं. पेट्रोलात घाण घालतोस म्हणून चार माणसांत त्याला नको नको ते बोलले, दहा वर्षांचं खातं तोडलं. तो माणूस नुसता हात जोडून म्हणत होता, "अण्णा, टाकी उघडून बघा." मी गाडीत बसून ऐकत होतो. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मग एका रात्री तार आबांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मारलं नाही. सकाळी पंपावर नेलं. "सांग याला," एवढंच म्हणाले. मी सांगितलं. पंपवाल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आबांना म्हणाला, "किती भरू?"

परत येताना बराच वेळ आबा गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "प्लग पांढरा झालेला बघितला होतास?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचं."

नवा व्हॉल घासून बसवला होता, त्यासाठी दोन शेळ्या गेल्या. गाडी आणखी दोन वर्षं चालली. दर महिन्याला मी प्लग काढून आबांना दाखवत असे, कसाही निघो.